पांढरे डाग

शिवकाळातल्यासारखी छावणी उभी करणाऱ्या एका मंडळासाठी कुंभारीच्या धनाजीनं जाड कापडाच्या राहुट्या शिवल्या. मशालींच्या शेजारी पोरं त्यांत झोपणार, म्हणून कापडानं पेट घेऊ नये असं औषध लावायचं ठरलं होतं. ते काम त्याच्या बायकोनं, केराबाईनं, जीव लावून केलं. पण राहुट्या वाळल्या आणि कापडभर मिठासारखे पांढरे डाग उठले.

"शोभा केलीस की माझी! धुऊन काढ सगळं," धनाजी कडाडला.

"आवो, ते औषधच हाय. धुतलं तर निघून जाईल की."

"लई शाणी हायेस. धू म्हटलं की धुवायचं!"

हात सोलवटेपर्यंत केराबाईनं राहुट्या घासल्या.

माल न्यायला जुळे सोलापूर भागातनं मंडळाच्या ऋतुजाताई आल्या. "एक डाग दाखवा, ताई," धनाजी फुशारकीनं म्हणाला. ताईंनी खात्रीसाठी एका राहुटीच्या कडेला लायटर लावला, आणि कापडानं लगेच पेट घेतला.

ती कड चपलेखाली विझवत ताई ओरडल्या, "पोरं झोपणार होती यात! औषध कुणी लावलं होतं?"

धनाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मीच लावलं, ताई," केराबाई पुढं होऊन म्हणाली. "माझंच कायतरी चुकलं असंल."

खरं काय ते सांगायला धनाजीनं तोंड उघडलं.

 

"ह्या खेपेला मी स्वता लावतो, ताई," तो म्हणाला.