बरोबरी

जेवणाची सुट्टी व्हायच्या आतच निकिता मॅडम पर्स खांद्याला लावून निघाल्या, आणि अंजूच्या पोटात दुखायला लागलं.

"चालली पाहा," ती शेजारच्या लालीबाईला म्हणाली. "आपला डबा सुटाचा हाय, अन् हिचा दिवस संपला."

"जाऊ दे नं वं. बिमारीतून उठली बिचारी."

"बिचारी!" अंजूने मुठीतला कचरा जोरात भिरकावला.

घाटंजी रस्त्यावरच्या त्या जिनिंगमध्ये निकिता काट्यावर बसायची. कापसाची गाडी आली की वजन करायचं आणि पावती फाडायची, एवढं तिचं काम. मागच्या वर्षी छातीत गाठ निघाली, ती कॅन्सरची ठरली. ऑपरेशन झालं, केमोच्या सुया झाल्या, आणि आता ती बेताबेताने कामावर येत होती. आधी नुसती तासभर, मग अर्धा दिवस. पगार मात्र ती घरी पडून होती तेव्हाही येत होता आणि आताही येत होता. ती कायम नोकरीतली. अंजू आणि लालीबाई हंगामी, कापसातला काडीकचरा वेचणाऱ्या. आलं तर हजेरी, नाही आलं तर त्या जागेवर उद्या दुसरी बाई.

अंजूला निकिताचं सगळंच खुपायचं. पंख्याखालची खुर्ची खुपायची. पाठीला लावलेली उशी खुपायची. मालक स्वतः येऊन "दमू नका हं, मॅडम" म्हणायचे, तेव्हा तर ती तोंड फिरवायची. पण सगळ्यात जास्त खुपायचे ते केस. आजाराआधी निकिताचे केस सरळ होते. सुयांनी ते गेले आणि नवे आले ते कुरळे, मऊ, तान्ह्या पोराच्या जावळासारखे. ती ते मिरवायचीही. टळटळीत उन्हात स्कूटीवर बसायची, पण डोक्याला रुमाल बांधायची नाही.

अंजूचं डोकं मात्र दिवसभर ओढणीत. रुईची धूळ बसते म्हणून सगळ्याच बाया डोकं-तोंड बांधायच्या, पण जेवायला कडुलिंबाखाली बसलं की सोडून झटकायच्या. अंजूची ओढणी तिथेही सुटत नसे. मुकादम हिरासिंग तिचा काकासासरा. तांड्यातली सून त्याच्यासमोर डोकं उघडं टाकत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे कुणी विचारत नसे.

चिडवायच्या मात्र भरपूर. निकिता डब्यात दहीभात आणायची, तर ठेच्याशिवाय घास न उतरणारी अंजूही दहीभात आणायला लागली. निकिता एखाद्या सोमवारी नागपूरला तपासणीला जायची, तर अंजूलाही नेमकं सोमवारीच आर्णीला बहिणीकडे जायचं असायचं. परवा तर ती भुवया काजळाने कोरून आली.

"मॅडमची बरोबरी करून राह्यली आमची अंजू," लालीबाई म्हणाली, आणि बाया पदर तोंडाला लावून हसल्या. अंजूही हसली.

ऑफिसात पाण्याची कॅन नेऊन द्यायचं काम अंजूकडे होतं. ती कॅन ठेवायची आणि दारातच रेंगाळायची.

"मॅडम, घरी बसल्या बसल्या पगार येतच होता?"

"येत होता."

"मंग तुमची जागा कोनं घेतली नाही?"

"कशी घेतील? रजेवर होते नं मी."

"अन् थकवा आला म्हनलं, का मालक ऐकते?"

"ऐकतात. डॉक्टरांनीच सांगितलं आहे, हळूहळू काम वाढवा म्हणून."

निकिता चांगल्या मनाने सांगायची. अंजू ऐकून घ्यायची आणि आणखीच जळत परत यायची.

त्या दिवशी निकिता निघून गेली, बाया जेवायला बसल्या, आणि अंजूच्या मनातलं शेवटी ओठांवर आलं.

"बिमारीबी मान्सं पाहून येते, बाई. तिच्यासारख्यालेच परवडते ते. बसाले खुर्ची, निजाले रजा, वरून पगार. मले तर हेवा वाटते तिचा. लय वाटते."

"तोंड आवर," लालीबाई म्हणाली. "सोन्याची सुरी हाय म्हनून कोनी पोटात खुपसून घेते का?"

कुणी हसलं नाही. सगळ्या अंजूच्या मागे पाहत होत्या. अंजूने वळून पाहिलं. स्कूटीची चावी विसरली म्हणून परत आलेली निकिता तिथे उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अंजू, आत ये," ती म्हणाली.

काट्याच्या खोलीत गेल्यावर निकिताने दार लोटून घेतलं.

"मी काय काय सोसलं, तुला माहीत आहे? तोंडात फोड आले होते. पाणी पिववत नव्हतं. रात्ररात्र रडत होते मी. त्याचा हेवा करतेस तू?"

"त्याचा नाही."

"मग कशाचा? ही खुर्ची पाहिजे तुला? हे केस पाहिजेत?"

बाहेर हिरासिंग गाडी खाली करणाऱ्या हमालांवर ओरडत होता. आवाज दूर, पार कापसाच्या गंजीकडून येत होता. अंजूने खिडकीतून एकदा खात्री करून घेतली.

"बोल नं," निकिता म्हणाली. "काय पाहिजे तुला माझं?"

अंजूने ओढणी मागे सारली. तिच्या डोक्यावर एकही केस नव्हता.

"रजा," ती म्हणाली.