नावाचा पत्रा

गिटार वाजवणाऱ्या प्रिसिलाने इलाही मिस्त्रींच्या कारखान्यासमोर रिक्षातून त्यांनीच बनवलेला स्पीकरचा जुना खोका उतरवला, तेव्हा त्यांना वाटलं, हेही गिऱ्हाईक गेलं. वीस वर्षं ते गिटारवाल्यांसाठी असे खोके बनवत होते आणि गिऱ्हाइकांच्या हट्टापायी त्यांवर एका महागड्या विलायती कंपनीचं नाव रंगवत होते. आता त्याच कंपनीचा अस्सल माल स्वस्त झाला होता.

"खराखुरा घेतलास ना, पोरी? ठेव हा इथेच. लाकूड तरी कामी येईल."

"अ‍ॅम्प्लिफायर घेतला, चाचा. स्पीकर नाही. दुकानात त्यांचा स्पीकर आणि तुमचा, दोन्ही शेजारी ठेवून वाजवले. भरीव आवाज तुमच्याच खोक्याचा. फक्त ते नाव खोडा आणि तुमचं घाला."

मिस्त्रींनी नाव घासून काढलं. सवयीने खणातला, नाव रंगवायचा, अक्षरं कापलेला पत्रा उचलला आणि ते थबकले. तो कंपनीच्या नावाचा होता. स्वतःच्या नावाचा त्यांनी कधी कापलाच नव्हता.