इंजिन निवेपर्यंत

"ओतू नका! ओ दादा, पाणी ओतू नका!"

रिक्षा पुरती थांबायच्या आतच सुकन्या ओरडली. टोलनाक्याच्या पुढं, रस्त्याच्या कडेला पुण्याहून हैदराबादला निघालेली बस वाफा टाकत उभी होती आणि एक प्रवासी गार पाण्याची बाटली घेऊन पुढच्या जाळीत वाकला होता.

"तापल्या इंजिनावर गार पाणी पडलं की हेड तडकतं. मग बसा हितंच चार दिवस."

बाटलीवाला मागं सरला. "ह्या कोण?"

"माझी बायको," ड्रायव्हर म्हणाला. जोतिरामच्या आवाजात थोडी लाज होती, थोडा तोरा. "वैरागला सासऱ्यांचं गॅरेज हाय. हिचं बालपण गाडीखालीच गेलं. मालकाचा मेकॅनिक यायला संध्याकाळ होईल, म्हणून हिला बोलावलं."

जुळ्या सोलापुरातून ती तशीच निघून आली होती. कडेवर नऊ महिन्यांची सिद्धी, खांद्यावर पान्यांची पिशवी. ही बस रोजच सोलापूरला वळसा घालून जायची, पण वाटेत थांबायची मुभा नव्हती. चार महिने झाले, जोतिरामला सुट्टी नव्हती. आज इंजिनानंच दिली.

इतक्या दिवसांनी समोर आलेल्या नवऱ्याला तिनं पहिलं काय विचारलं, तर, "गरमीचा काटा कधी चढला? पळताना का उभ्यानं?"

"टोलच्या रांगेत, उभ्यानं. पळताना जागेवर होता."

"म्हणजे पळताना वारं लागतंय, उभ्यानं पंखा पुरंना. पट्टा बघते. हिला धरा."

जोतिरामनं लेकीला घेतलं, नवी काच उतरवून घ्यावी तसं, दोन्ही हात ताठ करून. सिद्धीनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं, ओठ काढले आणि भोकाड पसरलं.

"दात आले व्हय हिला?"

"खालचे दोन. फोनवर दाखवले होते की."

"फोनवर एवढे दिसले न्हाईत."

दारात बसलेली तानाबाई मघापासून सगळ्यांवर करवादत होती. तिला नळदुर्गाला उतरायचं होतं, आणि तिथून तिच्या गावाची शेवटची वडाप जीप साडेपाचला सुटत होती. चारला हाललो तर कशीबशी मिळेल, नाहीतर रात्र स्टँडवर, हे तिनं साऱ्या बसला तीनदा ऐकवलं होतं. आता तिला नवीनच खाद्य मिळालं.

"आरं, लेकरू बापाला वळखंना, आन् ह्यो म्हनं गाडी वळखतो!"

बस हसली. जोतिरामही हसला, आणि मग शेताकडं तोंड करून उभा राहिला.

सुकन्यानं पट्टा अंगठ्यानं दाबला. तो दोरीवरच्या ओल्या साडीसारखा खाली गेला. सैल होऊन नुसता घसरत होता, पंखा फिरणार कसा? तिनं डायनामोचा बोल्ट ढिला केला, लोखंडी टामी लावून पट्टा ताणला. मागून सिद्धीचं रडणं येत होतं. तिचा पान्हा दाटून आला, तरी ती वळली नाही.

"घे गं हिला. न्हाय ऱ्हात माझ्याकडं."

"माझे हात काळे हायत. तुमीच बघा." बोल्ट आवळताना ती म्हणाली. तो मघाच आवळून झालेला होता.

मग तिनं बसकडं पाहून सांगितलं, "पट्टा बसलाय. आता पाणी कमी झालंय तेवढं भरायचं. पण निवल्याशिवाय झाकण उघडता येत न्हाय, उकळतं पाणी तोंडावर येतं. चारपर्यंत थांबावं लागंल."

जोतिराम लेकीला घेऊन कडेच्या लिंबाखाली गेला. काय करावं ते सुचेना, तेव्हा तो तोंडानं गाडी चालवू लागला. ओठ थरथरवत पहिला गिअर, दुसरा, तिसरा. चढ आला, पुन्हा दुसरा. सिद्धीचं रडणं अडखळलं. तिनं हात पुढं करून त्याच्या ओठांवर ठेवला. थरथर बोटांना लागली तशी ती दचकली, आणि हसली. दोन्ही दात दिसले. जोतिराम चढावरच थांबला. तिनं त्याच्या ओठांवर चापट मारली, चल म्हणून.

चारला दोन-चार मिनिटं असताना सुकन्यानं फडक्याची घडी करून झाकणाला हात लावला. मग फडकं काढून उघडा तळवा टेकवला. कोमट होतं, नुसतं.

तिनं वर पाहिलं. लिंबाखाली सिद्धीनं बापाच्या खांद्यावर गाल टाकला होता. त्याची घामेजलेली कॉलर तिच्या मुठीत होती. जोतिराम झुलत नव्हता की थोपटत नव्हता. श्वास मोठा झाला तर झोप मोडेल, असा उभा होता.

"निवलं का गं?" त्यानं वळून न बघता, हळूच विचारलं.

व्हय, एवढंच म्हणायचं होतं. बस भरून माणसं वाट बघत होती. पण सुकन्याचा हात झाकणावरून उचलेना.

"बगू," म्हणत तानाबाई पिशवी सावरत खाली उतरली. सुकन्याचा हात बाजूला करून तिनं आपला सुरकुतलेला तळवा झाकणावर ठेवला. ठेवला तो बराच वेळ काढला नाही. सुकन्यानं मान खाली घातली. तानाबाईनं तिच्याकडं पाहिलं, मग लिंबाकडं, मग दूर गेलेल्या रस्त्याकडं.

एकदम तिनं हात झटकला आणि बोटांवर फुंकर मारली.

"आगं आय गं! भाजलं की! ये ड्रायव्हर, अजून धा मिनिटं तरी हलू नगंस."

आणि दुसऱ्या कुणी येऊन हात लावू नये म्हणून ती जाळीसमोर, भर उन्हात, मांडी ठोकून बसली.