दांडक्यावरची पट्टी

तुरुंगातल्या मारात धाकट्या भावाच्या दोन बरगड्या मोडल्या, तेव्हा ताईने कंबर कसली. आपल्या प्रयोगशाळेत तिने बोटाएवढी सेन्सरची पट्टी बनवली आणि वरपर्यंत खेटे घालून ती प्रत्येक पहारेकऱ्याच्या दांडक्यावर चिकटवायला लावली. पट्टी एरवी झोपलेली असायची. फटका बसला की जागी व्हायची आणि त्याचा जोर बिनतारी जेलरच्या टेबलावर कळवायची. हाड मोडेल इतका जोर लागला, की टेबलावर लाल दिवा लागणार आणि त्या पहारेकऱ्याची नोकरी जाणार.

दोन महिन्यांनी ती भावाला भेटायला गेली. जेलर भलताच खुशीत होता.

"मानलं बुवा ताई तुम्हाला! दिवा एकदासुद्धा लागला नाही. फक्त पट्ट्यांसाठी तेवढे नवे सेल पाठवा, सगळे संपलेत."

"इतक्यात? अहो, फटका बसला तरच सेल खर्च होतो. पाच वर्षं पुरायला हवा होता."

"ते तुमचं शास्त्र तुम्हालाच ठाऊक," म्हणत जेलरने फाइल उघडली.

जाळीपलीकडे भाऊ भिंतीला धरून उभा राहिला. मानेपासून पोटऱ्यांपर्यंत तो काळानिळा पडला होता, त्याला बसताही येत नव्हतं.

"ताई, तुझ्या पाया पडतो, ती पट्टी काढायला सांग."

"अरे, पण आता एकही हाड मोडलं नाही ना तुझं?"



"तेच तर! पूर्वी हाड मोडलं की ते घाबरून थांबायचे."