मागच्या खोलीसाठी मशीन

“ही मधलीच घेऊ या ना,” बायको तिसऱ्यांदा म्हणाली, तशी त्याच्या मनात पुन्हा पाल चुकचुकली.

दुकानात लाकूड कापायच्या तीन मशीन मांडल्या होत्या. पहिली कारखान्यात शोभेल अशी अवाढव्य. तिचा प्रश्नच नव्हता, घरच्या विजेवर ती चाललीच नसती. मधलीला बिडाचा जाड टॉप, उघडे पोलादी पाय आणि मागे टांगलेली मोटर. पातं पट्ट्यावर फिरणारं. तिसरी छोटी, ॲल्युमिनियमची, घडी घालून भिंतीला टेकवता येणारी.

मधली त्याच्या मनात दहा वर्षं होती. ड्राफ्ट्समनच्या नोकरीत जन्मभर दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढले, आता मागच्या खोलीत स्वतःच्या हातानं चार वस्तू कराव्यात, एवढीच त्याची हौस. पण बायकोनं कधी दाद लागू दिली नव्हती. घरभर भुसा होईल, शेजारी कटकट करतील, बोटं जातील. विषय निघाला की ती उठून आत जायची.

आणि गेल्या आठवड्यात जेवता जेवता ती आपण होऊन म्हणाली, “तुमची ती मशीन घेऊन टाकू.”

तो काय ते समजला.

त्याआधी चारच दिवस दोघं इस्पितळात जाऊन आली होती. त्याचं पोट महिनाभर दुखत होतं. सगळ्या तपासण्या झाल्या. आलोच आहोत तर माझ्याही करून घेऊ, म्हणून तिनंही करून घेतल्या. रिपोर्टच्या दिवशी त्याला बाकावर बसवून ती एकटीच डॉक्टरांकडे गेली आणि चांगली अर्ध्या तासानं, तोंड धुऊन बाहेर आली. “नुसतं पित्त आहे,” म्हणाली. कागद पिशवीतून काढलेच नाहीत.

हे शब्द त्याला चांगले ओळखीचे होते. वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात त्यानंच ते त्यांना सांगितले होते, हसतमुखानं, पुरते पाच महिने. बिचारे अखेरपर्यंत पित्ताच्या गोळ्या वेळेवर घेत राहिले.

आता पाळी त्याची होती. विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं असतं तर ती कोसळलीच असती. उसनं अवसान आणून तिनं हे नाटक उभं केलं होतं, ते मोडायचं त्याच्या जिवावर आलं. काळजीनं ती निम्मी झाली होती. डोकंही ठिकाणावर नव्हतं. जे स्वयंपाकघर पस्तीस वर्षं डोळे मिटून चालवलं, तिथल्या डब्या-डब्यावर परवा तिनं चिठ्ठ्या चिकटवल्या. ते बघून त्याला भडभडून आलं. पोटी मूल नव्हतं. आपल्यामागे ही एकटी कशी राहणार, या विचारानं रात्र रात्र त्याचा डोळा लागत नव्हता.

“काकू, बसा ना,” दुकानदारानं स्टूल पुढे केलं. ती लगेच बसली.

“मला छोटी बरी वाटते,” तो म्हणाला.

“काका, ती छोटी बोंबलते फार,” दुकानदार म्हणाला. “जाड फळी घातली की रडायलाच लागते. मधली बघा, जागची हलत नाही. वीस वर्षं मरण नाही तिला.”

“वीस वर्षं घेऊन करायचंय काय?” तो बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

बायकोनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. “असं काय बोलता? माणसाला वेळ घालवायला काही नको का? सकाळी खोलीत शिरायचं, ते भूक लागली की बाहेर यायचं. शेजाऱ्यांना स्टुलं-बिलं करून द्या. चार माणसं येतील-जातील.”

“आणि भुसा?”

“होऊ दे. मी नाही काही बोलणार.”

किती सहज खोटं बोलते, त्याला वाटलं. आपण वडिलांशी इतकं सहज बोललो नव्हतो.

“अगं, छोटी उचलायला सोपी,” त्यानं शेवटचा प्रयत्न केला. “उद्या विकायची झाली तर तुला एकटीला...”

“विकायची कशाला?” ती म्हणाली. “मधलीच घ्यायची.”

त्यानं हार मानली. तिला आपले लाड करायचेत तर करू द्यावेत. तेवढंच तिला पुढे समाधान. त्यानं मान डोलावली. दुकानदार खूश होऊन हमीचं कार्ड घेऊन आला.

“नाव काय टाकू?”

“हिचं टाका.”

“माझं कशाला?” ती चटकन म्हणाली. “मशीन तुमची, नाव तुमचं.”

“हिचंच टाका.”

दुकानदार दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला आणि पेन आणतो म्हणून आत सटकला.

आता मात्र त्याला राहवेना. तो तिच्या स्टुलाशी वाकला. “मला माहीत आहे सगळं,” तो हळूच म्हणाला. “तू नको एकटी ओझं वाहूस. मी नसेन तेव्हा कागद तुझ्या नावावर असलेले बरे, म्हणून म्हणतोय.”

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आठवडाभर हा माणूस मनात काय घेऊन वावरतोय, ते तिच्या हळूहळू ध्यानात आलं. तिनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

“अहो, तुम्हाला काही झालेलं नाही,” ती म्हणाली. “जायचंय ते मला.”