पहिल्या गाईचं नाव

मस्कतहून आलेल्या मोहनीराजदादाचा चेहरा वृंदाच्या फोनवर दिसू लागला. विमानतळावरच्या अधिकारी बाई म्हणाल्या, "यांच्या साक्षीदार तुम्हीच ना? विचारा प्रश्न."

चेहऱ्यांची आणि आवाजांची हुबेहूब नक्कल होऊ लागल्यापासून प्रत्येकाला घरचा एक साक्षीदार नेमावा लागे. खूण पटवायची त्यानंच, आणि तोतयाला ओळख दिली तर शिक्षाही त्यालाच.

"आपल्या पहिल्या गाईचं नाव काय?" वृंदानं विचारलं.

"कपिला. लवकर कर गं, आई दवाखान्यात वाट बघतेय."

पहिली गाय हरणी होती, कपिला दुसरी. पण तोतयाला कपिला तरी कुठून ठाऊक असणार? हा दादाच आहे, हे वृंदाला कळलं. तरीही चुकलेल्या उत्तरावर ओळख दिली तर शाळेतली नोकरी जाईल या भीतीनं तिनं 'ओळखत नाही'वर बोट ठेवलं.

दादाची सुटका व्हायला तीन दिवस लागले. दवाखान्यात आई सारखी विचारत होती, "मोहन कुठवर आला?" वृंदा सांगत होती, "वाटेवर आहे." त्यातल्या दुसऱ्याच दिवशी आई गेली.

दहाव्याला जमलेले नातेवाईक वृंदाची समजूत घालत होते. "तुझा काय दोष? उत्तर त्याचंच चुकलं." दादाही मान डोलावत होता. तिला ते सोसवेना.

सगळे गेल्यावर ती म्हणाली, "दादा, मी तुला ओळखलं होतं."



"आईला हे कळायच्या आत ती गेली," तो म्हणाला, "तेवढं बरं झालं."