डेरेकची पेनल्टी

शंभर वर्षांत ब्रॅकनशॉ फुटबॉल क्लबने चषकाचा अंतिम सामना एकदाच गाठला आणि डेरेकने पेनल्टी आभाळात मारून तोही घालवला. चव्वेचाळीस वर्षांनी क्लबने संग्रहालय काढलं आणि उद्घाटनाला डेरेकलाच बोलावलं. ‘गावाने माफ केलं वाटतं,’ म्हणत कोट चढवून तो बायकोसह निघाला. तिथे अंगणात रिकामा गोलपोस्ट होता, वर पाटी: ‘डेरेकची पेनल्टी मारून बघा.’ खाटकापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांची आत जात होती आणि अध्यक्ष प्रत्येकाला बिल्ला लावत होते: ‘मी डेरेकपेक्षा सरस.’ ‘या डेरेक, ही गर्दी तुमचीच कृपा!’ अध्यक्ष म्हणाले. ‘घरी चल,’ तो बायकोजवळ पुटपुटला. तिने पर्स त्याच्या हातात दिली आणि बॉल जाळ्यात घातला. बसमध्ये तो म्हणाला, ‘काढ तो बिल्ला.’ ‘जन्मभर सांगत आलास, वाऱ्याने घात केला. वारा आजही होताच की.’